चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू देऊ नका

जुन्या कॉलेजच्या दगडी भिंतीवर सिमेंट चढवू नका, हे मी बैठकीत बोलले, ई-मेलने कळवलं, नकाशावर लाल पेनाने लिहूनही दिलं. तरी ते चढलंच. आयर्लंडच्या पश्चिम भागातलं ते कॉलेज कोणतं, कंत्राटदार कोण, हे इथे सांगत नाही. पण काय झालं ते सांगायलाच हवं, कारण आपल्याकडच्या जुन्या शाळा-कॉलेजांतही हेच चालू आहे.

त्या भिंती एकोणिसाव्या शतकातल्या, दोन-अडीच फूट जाडीच्या, दगड-चुन्याच्या. पाऊस लागला की अशी भिंत थोडं पाणी पिते आणि वारा मिळाला की चुन्याच्या सांध्यांतून सोडून देते. तेच सांधे सिमेंटने भरले की बारीक भेगांतून पाणी आत जातं, पण बाहेर पडत नाही. आयर्लंडमध्ये पुण्यासारखे आठ कोरडे महिने मिळत नाहीत. वर्षभर भुरभुर चालूच असते. त्यात वर्ग उबदार राहावेत म्हणून आतून फॉइलचा थर असलेले इन्सुलेशन बोर्ड ठोकले. भिंत दोन्हीकडून कोंडली गेली.

प्रोजेक्ट मॅनेजरचं उत्तर अजून डोक्यातून जात नाही. ‘‘तुमचा पुण्याचा अनुभव ठीक आहे, पण आमचा पाऊस तुम्हाला कळायचा नाही.’’ मी मेयो परगण्यातल्या कासलबारला राहते, या पावसातच रोज साइटवर उभी असते. आणि चुना काही मी पुण्याहून आणलेला नव्हता. याच देशातल्या गवंड्यांनी शेकडो वर्षं चुन्यात बांधकाम केलं, ते उभं आहे.

दुसऱ्या हिवाळ्यात वरच्या मजल्यावरच्या वर्गाला कुबट वास यायला लागला. मुलं ओले कोट घेऊन बसतात म्हणून वास येतो, असं मला सांगण्यात आलं. शेवटी मी हट्टाने जमिनीची फळी उचलायला लावली. तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक दिसलं. स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो दांड्यापर्यंत आत गेला. ओल मोजायच्या मीटरने 28 टक्के दाखवले; 20 च्या वर गेलं की लाकूड कुजायचा धोका सुरू होतो. मॅनेजर शेजारीच उभा होता. एक अक्षर न बोलता त्याने फोन कानाला लावला आणि जिना उतरून गेला. पुढच्या इतिवृत्तात लिहिलं होतं, ‘अनपेक्षित ओल आढळली’. माझा जुना ई-मेल जोडून ती नोंद दुरुस्त करून घेतली, मगच सही केली.

यावरून कुणी असं समजू नये की जुन्या वास्तूत आजचे वर्ग भरवता येत नाहीत. पुणे विद्यापीठ गणेशखिंडीतल्या गव्हर्नरांच्या निवासस्थानात उभं राहिलं. आमच्या कासलबारमध्ये वास्तुविशारद जॉर्ज विल्किन्सनच्या आराखड्यावरून बांधलेलं मनोरुग्णालय 1866 मध्ये सुरू झालं. आयर्लंडभरची वर्कहाउसं, म्हणजे गरीबगृहं, आखणारा तो हाच. त्या वास्तूत 1994 पासून कॉलेज आहे आणि 2022 पासून तो अटलांटिक टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचा मेयो कॅम्पस आहे. म्हणजे जमतं, फक्त वास्तू कशी बांधलीय ते आधी समजून घ्यावं लागतं.

तेव्हा ज्यांच्यावर हे काम येईल त्यांच्यासाठी. निविदेत नुसतं ‘चुना’ लिहू नका, सिमेंट मिसळलेला चुना आणून ओततात. ‘सिमेंटविरहित नैसर्गिक हायड्रॉलिक चुना’ असं लिहा आणि भिंतीचा एक तुकडा नमुना म्हणून आधी करून घ्या. पारा पाच अंशांखाली जाणार असेल तर चुन्याचं काम नको. कॉलेजला उन्हाळ्यात सुट्टी असते तेव्हाच ते उरका. फायली अडकल्या म्हणून ऑक्टोबरात घाई करू नका. आतून ऊब हवीच असेल तर लाकडाच्या तंतूंचे बोर्ड आणि वर चुन्याचा गिलावा.

रेडॉन विसरू नका. मेयोच्या बऱ्याच भागांत जमिनीतून हा किरणोत्सारी वायू येतो. खिडक्या-झरोके घट्ट बंद केले की तो वर्गात साठतो. कामाच्या जागी 300 बेक्वरेल प्रति घनमीटर ही पातळी ओलांडली की उपाय करावे लागतात. मोजणीलाच तीन महिने जातात, म्हणून ती काम संपल्यावर लगेच लावा.

संरक्षित वास्तूच्या नोंदीत इमारत असेल तर आतला जिना, दारं, गिलावाही संरक्षित असतो; काउंटी कौन्सिलकडून लेखी खुलासा घ्या. माळ्यावर वटवाघळं आहेत का तेही आधी तपासा, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. उंच छताच्या वर्गात आवाज घुमतो. सर्वांत मागच्या बाकावर बसून ऐका आणि मगच काम झालं म्हणा. दिलेल्या सूचनांचे ई-मेल आणि कागद जपून ठेवा. पैशाची थोडी शिल्लक राखा, जुन्या घरात काहीतरी निघतंच.

आणि कंत्राटात दोष-दायित्वाची, म्हणजे कंत्राटदाराने स्वखर्चाने दोष दुरुस्त करायची, मुदत किमान दोन पूर्ण हिवाळ्यांची धरा. आमची एका वर्षाची होती. कुजलेली तुळई सापडली तेव्हा ती उलटून गेली होती. बोर्ड उतरवणं, सिमेंट खरवडणं, तुळया बदलणं, सगळा खर्च आता कॉलेज भरतं आहे.