कुंपणाच्या आत

वाशीम जिल्ह्यातील कारंजे हे पूर्वीचे तटबंदीचे नगर. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस व पोहा वेस अशा त्याच्या चार वेशी. परचक्राच्या काळी वेशीची दारे लावून घेतली, म्हणजे नगरवासी काहीसे निर्धास्त होत. तट बाहेरच्या भयाचे निवारण करतो; पण भय तटाच्या आतच असेल तर? हा प्रश्न कोल्हापूरकडील एका सेनापतीपुढे १९५३ साली दूर कोरियात उभा राहिला.

तीन वर्षे चाललेले कोरियाचे युद्ध २७ जुलै १९५३ रोजी थांबले. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या पक्षाने पकडलेले बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन कैदी स्वदेशी परतण्यास तयार नव्हते. ते खरोखरच नाखूष होते, की कोणी त्यांस धाक घातला होता? हे पाहण्यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचे मंडळ नेमले गेले. त्याचे अध्यक्ष झाले भारताचे जनरल थिमय्या. आणि कैद्यांच्या रक्षणासाठी गेलेल्या भारतीय सेनेचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांस पाऊल ठेवू दिले नाही. तेव्हा समुद्रावरून हेलिकॉप्टरने त्यांस थेट दोन्ही सैन्यांमधील निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आले. तेथील त्यांच्या तळास हिंदनगर असे नाव मिळाले.

छावणीभोवती काटेरी तारा होत्या. पण आत कैद्यांच्या पुढाऱ्यांचीच सत्ता चाले. परत जाण्याची इच्छा दाखविणाऱ्यास मारहाण होई. कित्येकांचे प्राणही गेले. कोणी रात्री तारेवरून उडी टाकून भारतीय पहारेकऱ्यांकडे धाव घेई, आणि त्याला सुखरूप पोहोचविणे हेच जवानांचे मोठे काम होऊन बसले.

सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्यास आत ओढून नेले. बळाचा वापर केला असता तर सुटका कदाचित झालीही असती. मात्र रक्ताचा सडा पडला असता, आणि ग्रेवाल वाचलेच असते याचा भरवसा नव्हता. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह, शस्त्र न घेता, त्या संतप्त जमावात शिरले. त्यांनी कैद्यांच्या म्होरक्यांशी शांतपणे बोलणे केले आणि ग्रेवाल यांस सोडवून आणले. या धैर्याबद्दल त्यांस दुसऱ्या वर्गाचे अशोकचक्र मिळाले. त्यालाच १९६७ पासून कीर्तिचक्र म्हणतात. सर्वच प्रसंग असे निभावले नाहीत. ऑक्टोबरच्या आरंभी दंगल आवरताना जवानांस गोळीबार करावा लागला व काही कैदी मृत्युमुखी पडले.

कैद्यास त्याच्या देशाचे प्रतिनिधी तंबूत बोलावून समजावीत. तंबूस बाहेर पडण्याच्या दोन वाटा होत्या. एक स्वदेशी नेणारी, दुसरी छावणीकडे परतणारी. कोणती धरावी हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. पण तंट्यांमुळे नव्वद दिवसांपैकी जेमतेम दहा दिवस हे काम चालले. पुष्कळ कैदी तंबूपर्यंत आलेच नाहीत.

जानेवारी १९५४ मध्ये उरलेल्या बहुतेकांस संयुक्त राष्ट्रांच्या सेनेकडे परत सोपविण्यात आले. ८८ जणांनी मात्र दोन्ही पक्ष नाकारले. त्यांना कोणत्याच बाजूस ढकलता येईना. भारतीय सेना मायदेशी निघाली, तेव्हा तिच्याबरोबर तेही मद्रासच्या किनाऱ्यास उतरले. पुढे त्यांपैकी बरेचजण ब्राझील व अर्जेंटिना या देशांत जाऊन स्थायिक झाले.