दिवा समोरच्याच्या डोळ्यानं पाहजो

बापाची कमांडर जीप रंगवून घेतलीस, बरं केलंस. आता तिला थारचे दिवे बसवायचे म्हणतोस, तेही बसव. गाडी गोल दिव्यांची आहे हे तुझं नशीब. अमेरिकेत 1940 पासून सगळ्या मोटारींना एकाच मापाचा सात इंची गोल दिवा आला आणि ते माप पुढं आपल्याकडंही रुजलं. अॅम्बेसेडर, पद्मिनी, जिप्सी, महिंद्राच्या जुन्या जीपा, 2010 ची थार, सगळ्यांचं वर्तुळ तेच. एकीचा दिवा दुसरीच्या खोबणीत बसतो. फार तर रिंगचे स्क्रू इकडचे तिकडे होतात. चौकोनी, तिरप्या दिव्यांच्या गाडीला हे सुख नाही. तिथं दुसऱ्या मॉडेलचा दिवा आणायचा म्हणजे त्याच्यामागं बोनेट, फेंडर, जाळी सगळं आणायचं, नाहीतर पत्रा कापायचा. कापलेला पत्रा पावसाळ्यात आधी तिथूनच गंजतो. असं गिऱ्हाईक आलं की मी सरळ सांगतो, त्याच मॉडेलचा नवा दिवा घ्या आणि उरलेले पैसे वायरिंगवर घाला.

पाटणी चौकात जाऊन खोकं उचलायच्या आधी दिवा हातात घेऊन नीट पाहजो. भंगारातला असला तर मागचे कान तपासजो. एम-सीलनं चिकटवलेला कान खड्ड्यात सुटतो, मग दिवा थरथरतो आणि तू म्हणशील बल्बच खराब. आतली चांदी काळी पडली असेल तर दिवा परत कर, आणि ती चांदी फडक्यानं पुसू तर मुळीच नको, ओरखडे पडले की उजेड गेला. काच असेल तर उत्तम. प्लास्टिकचं भिंग आपल्या उन्हात पिवळं पडतं. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. डिपरचा उजेड एका बाजूला थोडा वर चढवलेला असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्याकडं तो डावीकडं चढायला पाहिजे. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी घडवलेला दिवा स्वस्तात मिळाला, तर त्याचा तोच झोत नेमका समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडावर जातो. डाव्या वाहतुकीच्या कित्येक दिव्यांवर बाण कोरलेला असतो. समोर उभा राहून पाहिलं तर तो तुझ्या उजव्या हाताकडं असतो.

बल्ब 60/55 वॅटचाच घे. जुन्या दिव्यात 45/40 चा असेल तर त्याची बैठक वेगळी असते, ती नव्या दिव्यात जबरदस्तीनं ठोकू नको. ट्रकच्या दुकानातला बल्ब दिसायला अगदी तसाच, पण तो 24 व्होल्टचा. जीपवर लावला तर तांबडा मिणमिणेल. काचेला बोट लागलं तर स्पिरिटनं पुसून घेजो, नाहीतर हाताचं तेल त्याच जागी तापून बल्ब लवकर जातो. आणि 100/90 च्या नादी लागू नको. लोक म्हणतात उजेड वाढतो. वाढतो, पण त्याआधी होल्डर वितळतो.

आता खरं काम सांगतो. जुन्या गाडीचा उजेड दिव्यात नसतो, वायरीत अडकलेला असतो. बॅटरीपासून स्विच, स्विचपासून डिपर, तिथून दिवा, एवढा फेरा, आणि वायर बापाच्या काळातली. गाडी चालू ठेवून होल्डरच्या पिनांवर मीटर लावजो. बॅटरीवर जेवढे व्होल्ट तेवढेच जवळपास तिथं मिळायला पाहिजेत. दहा टक्के कमी आले तरी उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. कित्येकांनी दिवे बदलले, पैसे घातले, आणि रोग होता बॉडीच्या गंजलेल्या अर्थिंगचा. म्हणून आधी अर्थ खरवडून स्वच्छ कर, मग दोन रिले घे, एक डिपरला, एक अप्परला. बॅटरीपासून रिलेच्या 30 नंबरला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, मध्ये बॅटरीच्या शेजारीच 15 अँपिअरचा फ्यूज. 87 वरून वायर दिव्याला जाते. जुनी वायर फक्त 85-86 ला लावायची, रिले चालू करण्यापुरती. दोन्ही अप्पर मिळून 120 वॅट, म्हणजे दहा अँपिअर. हा भार जुन्या स्विचवरून उतरला की स्विचही टिकतो. आणि वायरच्या रंगावर विसंबू नको. काही जपानी बांधणीच्या गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो. टेस्ट लॅम्प लावूनच अप्पर, डिपर आणि अर्थ ओळखजो.

एलईडीचं विचारशीलच. आख्खा दिवाच एलईडीचा, नामांकित बनावटीचा, मान्यतेची खूण असलेला, तर हरकत नाही. पण हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये नुसता एलईडी बल्ब खुपसायचा, हे मला पटत नाही. हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक चिमुकली वाटी असते, ती उजेड खालच्या अर्ध्या आरशावर पडू देत नाही, म्हणून वर जाणारा झोत कापला जातो. तार आणि वाटी ठरलेल्या जागेवर आहेत असं धरूनच आरसा घडवलेला असतो. स्वस्त एलईडीचे दाणे त्या जागी येत नाहीत. गाडीत बसून पांढरं शुभ्र दिसतं, समोरच्याला मात्र नुसता गोळा दिसतो. पूर्वी पोलिस दिव्याच्या काचेवर काळा ठिपका मारायचे. आता ठिपके गेले आणि हे गोळे आले.

दिवे बसले की काम संपलं असं समजून चहाला जाऊ नको. टायरची हवा नीट कर, रोज असतो तेवढा भार मागं टाक. सोयाबीनची पोती मागं असली की पुढचं तोंड वर उचललं जातं आणि उजेड बाभळीच्या शेंड्यावर पडतो. सपाट जागेवर, भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी कर. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं काढ. डिपरच्या उजेडाची वरची कडा त्या रेघेच्या चार बोटं खाली आली पाहिजे. मोठे टायर टाकलेस तर हे सगळं पुन्हा करावं लागेल. मग कायद्यातली परीक्षा घे. केंद्रीय मोटार वाहन नियम 106 सांगतो की दिव्यापासून आठ मीटर पुढं, अर्धा मीटर उजवीकडं, दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्याचे डोळे दिपता कामा नयेत. डिपर लाव आणि स्वतःच तिथं जाऊन उभा राहा, थोडा वाकून. डोळे मिटले तर दिवा अजून खाली घे.

कायद्याचं निघालंच आहे तर ऐक. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीनं दिलेल्या गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुझी एमएच-37 ची पाटी पंधरा वर्षं ओलांडून गेली, म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवायला गाडी दाखवणं आलं. काही कापायच्या आधी आरटीओत विचारून घेजो, आणि जुने दिवे रिंगसकट गुंडाळून माळ्यावर ठेव.

एवढं सांगतो कारण आपले रस्ते मला ठाऊक आहेत. समृद्धीवर दुभाजक आहे, तिथं निभतं. शेलूबाजारला खाली उतरलास की दोनपदरी रस्ता. सोयाबीनच्या दिवसांत एका दिव्याचे ट्रॅक्टर येतात, मागं रेडियमचा पट्टाही नसलेली बैलगाडी असते, कारंज्याच्या बाजूला रोही कधी आडवा येईल नेम नाही. समोरच्याचे डोळे तू दिपवलेस तर त्या बैलगाडीवर तो चढेल, आणि तुला ते आरशातही दिसणार नाही. म्हणून डिपर आपण आधी मारायचा. तो मारत नसेल तर आपण अप्पर मारून भांडायचं नाही, वेग कमी करून डाव्या कडेवर नजर ठेवायची.

आठ दिवस गाडी फिरव, मग रिंगचे स्क्रू पुन्हा आवळजो. अर्धा तास दिवे चालू ठेव, बंद कर आणि लगेच होल्डरच्या मागं हात लावून पाहजो. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली असेल तर त्या बाजूची पिन सैल आहे. आत वाफ धरली असेल तर मागचं रबर उलटं बसलंय, सिलिकॉन फासत बसू नको, रबर काढून सरळ लाव.