प्रवासविमा निवडताना

पोलाद कारखान्यामुळे देशाच्या अनेक भागांतील कुटुंबे भिलाईत स्थायिक झाली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. अशा एखाद्या कुटुंबाने आजी-आजोबांसह फ्रान्स, इटली पाहण्याचे ठरवले, तर व्हिसासाठीच प्रवासविमा काढावा लागतो. शेंगेन देशांच्या नियमानुसार त्याचे वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे लागते.

पुष्कळ लोक केवळ कमी हप्ता पाहून विमा निवडतात. वास्तविक, हप्त्याच्या आधी अपवादांची यादी वाचली पाहिजे. कोणते आजार वगळले आहेत, वयाची अट काय आहे, खर्चाचा किती भाग स्वतः सोसावा लागेल, हे विमापत्रातच नमूद असते. हप्ता वाढेल या भीतीने आजोबांचा रक्तदाब अर्जात लपवला, तर परदेशातील रुग्णालयाच्या खर्चाचा दावा नाकारला जाऊ शकतो. शे-पाचशे रुपये वाचवताना आयुष्यभराची पुंजी पणाला लागते.

दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास छत्तीसगडच्या रहिवाशांना भोपाळच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. तेथेही अर्जातील खरी माहितीच उपयोगी पडते.

स्वाध्याय : आजोबांचा आजार अर्जात का नोंदवावा? सकारण लिहा.