खडबडीत रस्ता आणि आपली सायकल



जैनथ भागातील काळ्या जमिनीचा स्वभाव आपणांस सांगायला नको. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला रुंद भेगा पडतात. कापसाला ती मानवते, रस्त्याला मानवत नाही. वर खडी-डांबर चांगले घातले तरी खालची माती वरखाली होत राहते. मग रस्ता लाटेसारखा होतो आणि कडा तुटतात. पैनगंगेच्या बाजूच्या पांदणींची गोष्ट तर वेगळीच. पावसाळ्यात बैलगाडी व ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या दिवाळीनंतर वाळून दगड होतात. नागपूर-हैदराबाद महामार्ग गुळगुळीत आहे खरा, पण आपले शेत काही महामार्गावर नसते.

अशा वाटेवर रोज सायकल चालविणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात : कंबर धरते, बोटांना मुंग्या येतात, बैठकीची जागा दुखते. "रस्ताच तसा, काय करणार!" असे म्हणून माणूस सोसत राहतो. परंतु यातले बरेचसे दुखणे एक पंप व एक पान्हा यांनी कमी होण्यासारखे आहे.

आधी हवेचा विचार करू. 1888 साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेली रबरी धाव तयार केली. तोवर धावा भरीव रबराच्या असत व हाडे खिळखिळी करीत. (असा शोध रॉबर्ट टॉमसन याने 1845 सालीच लावला होता, पण लोक तो विसरून गेले होते.) सांगायचे एवढेच की सायकलीची खरी स्प्रिंग म्हणजे चाकातील हवा. ती दगडासारखी घट्ट भरली तर प्रत्येक खडा थेट मणक्याला कळतो. अगदी कमी ठेवली तर खड्ड्यात रिम ट्यूबला चिमटते व शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. ट्यूबवर अशी जोडभोके दिसली की काट्याला दोष देऊ नये. हवा कमी होती असे समजावे.

मग नेमकी किती? बहुतेक टायरांच्या कडेवर हवेची मर्यादा छापलेली असते, ती ओलांडू नये. गावात मोजण्याचे साधन नसले तरी अडत नाही. आपण सायकलीवर बसावे व दुसऱ्याला मागून पाहायला सांगावे. टायर जमिनीपाशी किंचित फुगलेला दिसला पाहिजे. मुळीच फुगला नाही तर हवा जास्त, पसरट झाला तर कमी. आपले निम्म्याहून अधिक वजन मागच्या चाकावर येते, म्हणून मागे थोडी जास्त व पुढे थोडी कमी हवा ठेवावी. कॅरियरवर पोते किंवा माणूस नेणार असाल तर मागे आणखी चार-सहा पंप मारावेत. चाक रोजच हळूहळू बसत असेल आणि पंक्चर सापडत नसेल, तर व्हॉल्व्हवरची ती बारीक रबरी नळी काढून पाहा. पुष्कळदा तीच चिरलेली असते, आणि तिची किंमत अगदी किरकोळ.

हल्ली मुलांना अरुंद टायरच्या सायकली आवडतात. दिसायला त्या छान, पण आपल्या पांदणींसाठी नाहीत. फ्रान्समध्ये पॅरिस-रुबे ही सायकल-शर्यत 1896 पासून होते आणि तिची वाट मैलोन्‌मैल उघड्या दगडी फरसबंदीवरून जाते. तिथले कसलेले स्वारसुद्धा अलीकडे अरुंद, घट्ट टायर सोडून रुंद टायर व कमी हवा यांकडे वळले आहेत. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा 28 बाय 1½ इंची टायर त्यांच्या पूर्वीच्या टायरांहून मुळातच रुंद आहे. म्हणून ती सायकल मोडीत काढण्याची घाई नको. पुढे स्प्रिंगचा चिमटा असलेल्या स्वस्त सायकली मात्र माझ्या मते पैसे वाया. वजन वाढते, चढावर दम लागतो, आणि जे काम रुंद टायर फुकट करतो तेच तो चिमटा अर्धेमुर्धे करतो.

आता सीट. सीटवर बसून पायडल सर्वांत खाली आणावे व त्यावर टाच ठेवावी. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात हलका बाक राहतो. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात आणि शरीराचा सगळा भार बुडावर पडतो, शिवाय खड्डा आला तरी चटकन उठता येत नाही. सीटचे नाक सपाट असावे. ते वर उचललेले असेल तर मांड्यांमधील नस दाबली जाऊन तो भाग बधिर होतो. फोमचे जाड कव्हरही याला औषध नव्हे. माणूस त्यात रुततो आणि दाब नको तिथेच येतो. त्यापेक्षा सीटखालच्या दोन्ही स्प्रिंगा शाबूत आहेत का ते पाहावे. एक तुटलेली असली की कंबर रोज एका बाजूला झुकते.

हँडल सीटच्या उंचीला किंवा थोडे वर असावे. खाली असले की भार तळहातांवर येतो, करंगळी व शेजारचे बोट बधिर होते. ही हाताची नस दबल्याची खूण आहे. मूठ सैल ठेवावी, कोपर किंचित वाकवावे, मधून मधून हाताची जागा बदलावी. हँडल उंच करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. त्याच्या दांड्यावर मर्यादेची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये; नाहीतर भर रस्त्यात हँडल हातात येईल. आणि रॉड-ब्रेकची सायकल असेल तर हँडल उचलताच पुढचा ब्रेक रिमला लागतो, तोही त्याच वेळी जुळवून घ्यावा.

राहिले चालविणे. वेग निम्मा केला तर खड्ड्याचा दणका जवळपास चौथाईवर येतो; घाईत वाचलेली पाच मिनिटे कमरेने फेडावी लागतात. खड्डा टळत नसेल तर दोन्ही पायडल समपातळीत आणून, गुडघे वाकवून सीटवरून थोडे उठावे. आपले गुडघे ही कोणत्याही कारखान्यात न बनणारी स्प्रिंग आहे. चाकोरी तिरकी कापू नये, चाक घसरून आत जाते. शक्य तितकी आडवी ओलांडावी. दुधाच्या कॅन दोन्ही बाजूंना सारख्या व शक्य तितक्या खाली बांधाव्यात. हँडलला लोंबती पिशवी अडकवू नये.

कंबरदुखी पायात उतरू लागली, पाय बधिर किंवा दुबळा वाटला, तर हवा-सीटचे प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवावे. लघवीवरचा ताबा सुटू लागला तर त्याच दिवशी जावे.

शेवटी, कॅरियरवर बसणाऱ्या लेकरांविषयी. मोठ्यांना नुसता धक्का बसतो. लेकराचा पाय मात्र त्या धक्क्याने चाकात जातो. टाच तारांमध्ये सापडते आणि चाक ती चिरडते. अशा जखमा पाहणाऱ्यांना ठाऊक आहे की पहिल्या दिवशी त्या साध्या खरचटल्यासारख्या दिसतात, आणि पुढच्या काही दिवसांत टाचेची कातडी काळी पडून गळते. म्हणून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी किंवा पत्रा बसवून घ्यावा व पाय ठेवायला दांडी लावावी. गावचा मिस्त्री अर्ध्या दिवसात हे काम करतो. साडी व ओढणीही त्या जाळीने वाचते. एवढे करूनही पाय सापडलाच तर चाक जोराने उलटे फिरवू नये. गरज पडल्यास तारा कापून पाय मोकळा करावा. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी, धुतलेल्या फडक्याने झाकावी. हळद, ग्रीस, राख, माती काही लावू नये. जखम लहान दिसली तरी लेकराला दवाखान्यात न्यावे आणि धनुर्वाताची लस कधी टोचली होती ते डॉक्टरांना सांगावे.