तुरुंगातून आलेला प्रश्न

शास्त्रपाठ : मत्तय ११:२-११; लूक ७:१८-२८. सोबत वाचावे : यशया ३५:३-६, ६१:१-२, मत्तय १४:१-१२.

काही वर्षांपूर्वी शब्बाथ शाळेत आम्ही प्रेषितांच्या कृत्यांचा १२ वा अध्याय शिकवीत होतो. देवदूताने पेत्राला तुरुंगातून बाहेर आणले, साखळ्या गळून पडल्या, लोखंडी दरवाजा आपोआप उघडला, हे मुले डोळे मोठे करून ऐकत होती. इतक्यात मागे बसलेला दहाएक वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, मग याकोबाला का नाही सोडवलं?" त्याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात योहानाचा भाऊ याकोब तरवारीने मारला गेल्याचे सांगितले आहे. ते त्याने बरोबर हेरले होते. "देवाच्या मनात काय असते ते आपण विचारू नये," असे म्हणून आम्ही पुढचे वचन वाचावयास घेतले. त्या मुलाची आई त्या वेळी इस्पितळात होती आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती, हे आम्हांला पुढच्या रविवारी कळले. मुलाने खरे तर याकोबाविषयी विचारलेच नव्हते.

त्या मुलाला द्यावयाचे राहिलेले उत्तर म्हणून आजचा हा धडा आम्ही लिहीत आहोत.

आपल्या मंडळ्यांत संशय हा शब्द उच्चारावयासही लोक भितात. घरात दुखणे असते, मुलाला नोकरी लागत नाही, प्रार्थना करून करून जीभ थकते आणि मनात प्रश्न उठतो. पण पाळकसाहेब काय म्हणतील, शेजारच्या बाकावरच्या बाई काय म्हणतील, म्हणून तो आतच दाबला जातो. माणूस दर रविवारी उपासनेस येतो, गीते गातो, वर्गणी देतो आणि आतून रिकामा होत जातो. अशांनी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे पाहावे.

योहान हा डळमळीत मनाचा गृहस्थ नव्हता. यार्देनेच्या काठी मोठमोठ्यांना त्याने खडसावले. हेरोद अंतिपासाने भावाची बायको हेरोदिया घरात आणली, तेव्हा हे योग्य नव्हे असे त्याने राजाला तोंडावर सांगितले. त्याबद्दल तो तुरुंगात पडला. हा तुरुंग मखेरसच्या किल्ल्यात होता, असे यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो. मृत समुद्राच्या पूर्वेस, आजच्या जॉर्डन देशात, एका उजाड टेकडीवर त्या किल्ल्याचे अवशेष आहेत. अरण्यात उघड्या आभाळाखाली वाढलेला माणूस तेथे चार भिंतींत कोंडला गेला. येशूकडे बोट दाखवून हाच देवाचा कोकरा अशी साक्ष ज्याने दिली (योहान १:२९), तोच आता शिष्यांना पाठवून विचारतो की, यावयाचा होता तो हाच, की अजून दुसऱ्या कोणाची वाट पाहावयाची?

योहानासारख्याला संशय कसा येईल, असे वाटून काही थोर भाष्यकारांनी यातून वाट काढली आहे. ख्रिसोस्तोम आणि पुढे कॅल्विन यांचे म्हणणे असे की, योहानाला स्वतःला शंका नव्हती. शिष्यांची खात्री व्हावी म्हणून त्याने त्यांना पाठविले. एवढ्या मोठ्या माणसांपुढे आम्ही काय बोलावे! तरी आम्हांस हे पटत नाही. प्रभू त्या शिष्यांना सांगतो की, जाऊन योहानाला कळवा. ज्याला उत्तर पाठवावयाचे, प्रश्न त्याचाच असला पाहिजे.

आणि तो प्रश्न का उठला हेही शुभवर्तमानात शोधले तर सापडते. योहानाने काय गाजविले होते? झाडांच्या मुळाशी कुऱ्हाड ठेवलेली आहे, सूप हाती घेतलेला येत आहे, भूस न विझणाऱ्या अग्नीत जाळील (मत्तय ३:१०-१२). तो आला खरा, पण कुऱ्हाड काही पडली नाही. हेरोद सिंहासनावरच राहिला आणि देवाचा संदेष्टा कोठडीत. येशू तर जकातदारांच्या घरी जेवत होता! देव काय करील याचे एक चित्र योहानाच्या मनात होते आणि बाहेर घडत होते ते निराळेच. आपलेही बहुतेक संशय येथेच जन्मतात. देव आहे की नाही हा वाद विद्वानांचा. देव आहे, तर माझ्या घरी असे का, हा आपला.

आता योहानाने काय केले ते पाहा. त्याने प्रश्न गिळला नाही, परूश्यांकडे नेला नाही, कोठडीत बसून स्वतःच उत्तरही ठरवून टाकले नाही. ज्याच्याविषयी संशय होता, त्याच्याकडेच त्याने तो पाठविला. असा संशय विश्वासाच्या घराबाहेर गेलेला नसतो.

प्रभूचे उत्तर फार विचार करण्याजोगे आहे. लूक सांगतो की, त्याच घटकेस त्याने पुष्कळ रोग्यांना बरे केले आणि मग म्हणाला की, जे पाहिले व ऐकले ते सांगा. आंधळे, पांगळे, कुष्ठी, बहिरे, मेलेले, आणि शेवटी दरिद्री, ज्यांना सुवार्ता ऐकू येत आहे. हे शब्द यशयाच्या ३५ व्या व ६१ व्या अध्यायांतले आहेत आणि योहानाला यशया चांगला ठाऊक होता. पण ६१ व्या अध्यायात बंदिवानांच्या सुटकेचेही वचन आहे. नासरेथच्या सभास्थानात प्रभूने ते मोठ्याने वाचले होते (लूक ४:१८). तुरुंगातल्या योहानाला पाठविलेल्या निरोपात मात्र ते नाही! निरोप ऐकताना योहान तेथे थांबला असेल. तुझी सुटका होईल, असे खोटे आश्वासन प्रभूने त्याला दिले नाही. एवढेच कळविले की, राज्य आले आहे, काम चालू आहे, आणि माझ्यामुळे जो अडखळत नाही तो धन्य.

निरोपे निघून गेल्यावर प्रभू लोकसमुदायाकडे वळला आणि योहानाविषयी बोलू लागला. तो वाऱ्याने हालणारा बोरू नव्हे, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत त्याच्याहून मोठा कोणी नाही. आपण तोंडावर स्तुती करतो आणि पाठीमागे उणे काढतो. येथे उलट आहे. आणि हे शब्द कोणत्या दिवशी उच्चारले गेले? योहानाने शंका विचारली त्याच दिवशी.

भीतीविषयी थोडेसे. या कथेत भ्यालेला माणूस एकच आहे आणि तो कोठडीत नाही. हेरोद लोकांना भ्याला (मत्तय १४:५), योहानाला भ्याला (मार्क ६:२०), पाहुण्यांपुढे शब्द खाली पडेल म्हणून भ्याला, आणि शिरच्छेद करविल्यावरही योहान पुन्हा उठला की काय म्हणून भ्याला. हेरोदानेही पुढे येशूला पुष्कळ प्रश्न विचारले, पण त्याला उत्तर मिळाले नाही.

उत्तराला वेळ लागतो हेही शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या वर्षांतली त्यांच्या मनाची ओढाताण 'स्मृतिचित्रे'त आहे. ती वाचली म्हणजे एखाद्याला आठ दिवसांत विश्वासात पक्का करण्याची आपली घाई आपणांसच हास्यास्पद वाटू लागते. वर्गात कोणी अडचणीचा प्रश्न विचारला तर त्याला गप्प बसवू नये. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणावे, आणि तो मुलगा कोणत्या घरून आला आहे याची त्याच आठवड्यात चौकशी करावी. मोठ्या वर्गात मुलांकडून नाव न घालता चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून घ्यावेत. आम्ही हे करतो. पहिल्या खेपेस निम्म्या चिठ्ठ्या कोऱ्या येतात. दुसऱ्या खेपेस येत नाहीत.

त्या मुलाची आई घरी परत आली नाही. अंत्यविधीनंतर काही दिवसांनी आम्ही त्याच्या घरी गेलो, त्या रविवारच्या उत्तराबद्दल त्याची क्षमा मागितली आणि दोघांनी मिळून मत्तयाचा १४ वा अध्याय वाचला. बारावे वचन त्याने स्वतः वाचले. योहानाचे शिष्य येतात, प्रेत उचलून नेतात, ते पुरतात आणि मग जाऊन येशूला सांगतात. वाट त्यांना आधीपासून ठाऊक होती.