आजचा शब्द: शांत (गीता २.७०)



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ७०.

'शांत' हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो, एकदा मोजून बघा. लहान मुलाला "शांत बस". चिडलेल्या मित्राला "अरे, आधी शांत हो". "काल फार शांत झोप लागली." नवीन फ्लॅट घेतला की वास्तुशांत, बाबांना साठ वर्षं पूर्ण झाली की साठीशांत. देवापुढचं निरांजन 'विझलं' असं कित्येक घरांत म्हणत नाहीत, 'शांत झालं' म्हणतात. शब्द एकच. मग या सगळ्यांत समान काय आहे?

थोडं व्याकरण बघू, घाबरू नका. संस्कृतमध्ये 'शम्' असा धातू आहे. अर्थ थांबणं, निवणं. 'गम्' पासून जसं 'गत', म्हणजे गेलेला, तसं 'शम्' पासून 'शांत', म्हणजे शमलेला. अग्निशमन दलातलं 'शमन' सुद्धा याच घरातलं.

म्हणजे या शब्दाच्या पोटात एक भूतकाळ आहे. आधी काहीतरी पेटलं होतं, खवळलं होतं. त्याचं काहीतरी केलं गेलं आणि मग ते शमलं. आपल्या भाषेत सांगायचं तर 'शांत' हे आउटपुट आहे. नुसतं "शांत हो" म्हणणं म्हणजे फंक्शन न चालवताच आउटपुट मागणं!

भूक आणि आग

मग शमवायचं कसं? मराठीतले दोन साधे वापर घ्या. भूक शांत होते आणि आगही शांत होते. पण रीत अगदी उलटी. भूक शांत होते ती अन्न दिल्यावर. आग शांत होते ती इंधन काढून घेतल्यावर. आगीला जेवढं द्याल तेवढी ती वाढते. तिसऱ्या अध्यायाच्या ३९ व्या श्लोकात भगवंत कामनेला म्हणूनच अग्नीची उपमा देतात. कितीही घाला, पोट भरत नाही असा अग्नी.

आपल्या मनातली अस्वस्थताही या दोन जातींची असते. सलग तिसरा वीकेंड काम करून थकलेला माणूस मीटिंगमध्ये आवाज चढवतो, ती भूक आहे. त्याला झोप हवी आहे, सुट्टी हवी आहे, "तुझ्यावर जास्त लोड पडलाय" हे कोणीतरी मान्य करायला हवं आहे. याउलट पगारवाढ झाली, दोन दिवस मस्त गेले आणि मग बॅचमेटचं पॅकेज कळलं. आता जी जळजळ होते ती आग आहे. तिला आणखी दोन लाख घातले तरी ती पुढच्या बॅचमेटपर्यंतच टिकेल.

गडबड कुठे होते? आपण औषधांची अदलाबदल करतो. थकलेल्याला सांगतो, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस, डिटॅच हो." म्हणजे उपाशी माणसाला उपास करायला सांगतो! आणि तुलनेने जळणारं मन शांत करायला रात्री एक वाजता पुन्हा फोन उघडतो. म्हणजे आगीत लाकूड.

त्या थकलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे मी एका टीममध्ये जवळून पाहिलं आहे. "काम डाउन" ऐकल्यावर तो खरंच गप्प झाला. सगळ्यांना बरं वाटलं, म्हणाले शांत झाला. काही आठवड्यांनी त्याचा राजीनामा आला. गप्प आणि शांत हे दोन वेगळे शब्द आहेत, हे तेव्हा फार स्पष्ट दिसलं.

समुद्र रिकामा नसतो

आता आजच्या श्लोकाकडे. भगवंत इथे शांतीसाठी समुद्राचं चित्र देतात. सगळीकडून पाणी येऊन मिळतं, समुद्र भरतच असतो, तरी आपली जागा सोडत नाही. तशा सगळ्या कामना ज्याच्यात येऊन विरतात, त्याला शांती मिळते. कामनांच्या मागे धावणाऱ्याला मिळत नाही.

हे चित्र नीट बघा. जुलैमध्ये मरीन ड्राइव्हवर उभं राहिलेल्या कुणालाही समुद्र आवाज न करणारा वाटणार नाही. लाटा आहेत, गाज आहे. नद्या येणं थांबलेलं नाही. आपल्यालाही ईमेल येणार, बिलं येणार, कुणाचे तरी टोमणे येणार. फरक एवढाच की डबकं एका पावसाने भरून वाहतं आणि समुद्र वाहून जात नाही. गीतेतली शांती म्हणजे भावना काढून टाकून रिकामं होणं नाही. ते भरलेपण आहे.

आणखी एक गंमत. हे सगळं वर्णन सुरू कशाने होतं? ५४ व्या श्लोकात अर्जुन विचारतो की स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. म्हणजे शांत माणूस बोलतो, हे प्रश्नातच गृहीत धरलं आहे. खुद्द भगवंतांचं वागणं बघा. पहिल्या अध्यायाचा उत्तरार्ध अर्जुनाच्या गोंधळाचा आणि शोकाचा आहे. अख्ख्या अध्यायात कृष्णाच्या तोंडी जेमतेम एक छोटं वाक्य आहे. आधी पूर्ण ऐकून घेतलं, उपदेश त्यानंतर.

नाथांची शांती

आपल्याकडे संत एकनाथांना शांतिब्रह्म म्हणतात. गोदावरीत स्नान करून येताना एक माणूस त्यांच्यावर पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ दर वेळी न चिडता परत स्नानाला गेले, ही पैठणची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण ही कथा बरेचदा दुसऱ्याला गप्प बसवायला वापरली जाते. सुनेला, ज्युनियरला, धाकट्या भावाला. "नाथांनी बघ किती सहन केलं!"

नाथ गप्प बसणारे होते का? त्यांनी भारुडं लिहून समाजातल्या ढोंगावर बोट ठेवलं. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, म्हणजे जिथे चूक शिरली होती तिथे ती दुरुस्त केली. ज्यांना समाजाने दूर ठेवलं त्यांना घरी जेवू घातलं, आणि त्यासाठी रोष ओढवून घेतला, असं परंपरा सांगते. स्वतःच्या अपमानाची आग त्यांनी इंधन न देता शमवली. दुसऱ्याच्या भुकेला मात्र "शांत हो" म्हटलं नाही, ताट वाढलं. दोन्ही रीती त्यांना नेमक्या ठाऊक होत्या.

आजचा अभ्यास

१. आज मन अस्वस्थ झालं की लगेच शांत व्हायचा प्रयत्न करू नका. आधी एकच प्रश्न विचारा: ही भूक आहे की आग?

२. भूक असेल तर जे हवं आहे ते स्पष्ट शब्दांत मागा. झोप, मदत, सुट्टी, माफी. मागणं म्हणजे अशांती नाही.

३. आग असेल तर एक लाकूड काढा. एक ॲप, एक तुलना, मनात चाललेलं एक भांडण.

४. आज कुणालाही "शांत हो" म्हणायचं नाही. त्याऐवजी "काय झालं, सांग" म्हणा आणि पूर्ण ऐका. कृष्णाने अर्जुनाचं एवढं सगळं ऐकून घेतलं, आपण दहा मिनिटं तर ऐकू शकतो.

रात्री झोपण्यापूर्वी हा श्लोक अर्थासह एकदा वाचा.

राम कृष्ण हरी 🙏