पिल्ले बाळसे का धरत नाहीत?

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी दहा पिल्ले निघाली. घरात आनंद झाला. पण महिना लोटला तरी पिल्ले मुठीएवढीच! पंख लोंबतात, पिसे विस्कटतात. एकेक पिल्लू मरते. मग कोणी म्हणते, "नजर लागली." कोणी म्हणते, "जातच बुटकी."

अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती असतो. त्यातून मीठमिरची येते, पोरांची वही येते. म्हणून पिल्ले का खुंटतात, ते आपण नीट पाहू.

आधी एक गोष्ट ध्यानात धरू. गावठी पिल्लू मुळात सावकाश वाढते. विकत मिळणारी ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जाते. गावठीला एक किलो व्हायला चारपाच महिने लागतात. हा काही रोग नव्हे. पण पिल्लू आठवड्यामागून आठवडा वाढतच नसेल, तर आधी त्याच्या खाण्याकडे पाहावे.

दोघी शेजारणींचे बोलणे ऐका.

"काकू, मी तर रोज कण्या टाकते. मग पिल्लं वाढत का नाहीत?"

"अगं, कण्यांनी पोट भरतं, अंग वाढत नाही. जोडीला पेंड, सुकट काही देतेस का?"

"ते नाही देत बाई."

काकूंचे म्हणणे खरे आहे. धान्य म्हणजे चुलीतले जळण. त्याने ऊब आणि ताकद मिळते. मांस आणि पिसे बनतात ती प्रथिनांपासून. प्रथिने म्हणजे भिंतीच्या विटा. नुसत्या जळणाने भिंत उभी राहील का? पावसाळ्यात किडे, वाळवी, गांडुळे मिळतात. त्यांतून प्रथिने मिळतात. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, किडे कमी होतात. तेव्हा ही उणीव आपणच भरून काढावी.

एक किलो खाद्य असे करावे:

मका किंवा ज्वारीचा भरडा — 500 ग्रॅम
तांदळाचा कोंडा — 200 ग्रॅम
शेंगदाण्याची पेंड — 200 ग्रॅम
सुकटीचा भुगा — 100 ग्रॅम

सुकट खारवलेली नसावी. फार मीठ पोटात गेले तर पिल्ले मरतात. पेंड बुरशी आलेली नसावी. 1960 साली इंग्लंडात टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिल्ले मेली. पुढे शोध लागला की, त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत बुरशीचे विष होते. तेव्हा वास मारणारी पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

पहिल्या आठवड्यात एका पिल्लाला दिवसाला सुमारे 10 ग्रॅम खाद्य लागते. पुढे दर आठवड्याला वाढवत जावे. एकदम न टाकता दिवसातून चारपाच वेळा थोडे थोडे द्यावे. मोठ्या कोंबड्या पिल्लांचे खाऊन टाकतात. म्हणून डालगे विटांवर उचलून ठेवावे आणि खाद्य आत मांडावे. पिल्ले खालून आत जातील, कोंबडी बाहेर राहील. हिरवा पाला बारीक चिरून द्यावा. कोंबडीला दात नसतात. दाणा भरडण्याचे काम पोटातला पेटा करतो. त्यासाठी बारीक खडी लागते. पाणी स्वच्छ आणि उथळ भांड्यात असावे. खोल भांड्यात पिल्ले बुडतात.

खाणे चांगले असूनही पिल्लू खुंटले, तर आणखी तीन गोष्टी पाहाव्या.

1. ऊब. गारठलेले पिल्लू खाल्लेले सारे अंग गरम ठेवण्यातच खर्च करते. पिल्ले एकमेकांवर चढून बसली, तर त्यांना थंडी वाजते असे समजावे.

2. ओल. खुराडे ओले व दाटीचे असले की रक्ती हगवण लागते, जंत होतात. विष्ठेत रक्त दिसताच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

3. लस. मानमोडी रोग खुराडेच्या खुराडे रिकामे करतो. पहिल्या आठवड्यातच त्याच्या लसीचा थेंब पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात घालतात. एका कुपीत पुष्कळ पिल्लांपुरती लस असते. म्हणून चारपाच घरांनी मिळून ती आणावी.

आता आपल्याला लिहिता येते. त्याचा येथे उपयोग करू. दर रविवारी चार पिल्ले तराजूत घालावी. तारीख आणि वजन वहीत मांडावे. गेल्या रविवारचा आकडा आणि आजचा आकडा जवळजवळ सारखाच आला, तर कुठेतरी उणे पडते आहे. डोळ्यांना दिसण्याआधी वही ते सांगते. मग पिल्लू वाचवायला वेळ मिळतो. नजर उतरवीत बसलो, तर तो वेळ हातचा जातो.

सांगा पाहू:
1. नुसत्या कण्यांनी पिल्लू का वाढत नाही?
2. पेंड घेताना काय पाहाल?
3. डालगे विटांवर का ठेवावे?
4. तुमच्या पिल्लांचे या रविवारचे वजन वहीत लिहा.